जॉली बॉयला निघण्यापूर्वी

अंदमानच्या सहलीचे पत्रक आता मराठी घरांना नवे राहिलेले नाही. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल आणि संध्याकाळी तिथला ध्वनिप्रकाश कार्यक्रम, दुसऱ्या दिवशी रॉस आणि नॉर्थ बे, मग हॅवलॉक, मग नील. सावरकर १९११ पासून १९२१ पर्यंत ज्या तुरुंगात होते, तिथे एकदा माथा टेकवावा म्हणून पुण्या-नाशिकची, सांगली-साताऱ्याची माणसे निघतात आणि समुद्र डोळ्यांत साठवून परततात. या पत्रकात शेवटाकडे कुठेतरी एक ओळ असते : ‘जॉली बॉय बेटाची सफर, ग्लास बॉटम बोटीतून प्रवाळदर्शन.’ आठवड्याभरातल्या सगळ्या दिवसांत सर्वांत जास्त तयारी याच दिवसाला लागते आणि सर्वांत कमी माहितीही याच दिवसाविषयी दिली जाते.

आमच्या गटालाही ती दिली गेली नव्हती. त्या दिवशी एका बाईंच्या जिवावर बेतता बेतता राहिले. ते का घडले, आणि तेवढ्याच उत्साहाने तिकडे निघालेल्या दुसऱ्या कुणावर ते येऊ नये म्हणून काय करता येईल, ते इथे सांगायचे आहे.

बेट कसे आहे

जॉली बॉय हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातले एक लहानसे निर्मनुष्य बेट. हे उद्यान १९८३ मध्ये स्थापन झाले. १५ बेटे आणि भोवतालचा समुद्र मिळून त्याचा विस्तार सुमारे २८१ चौरस किलोमीटर आहे. पोर्ट ब्लेअरपासून (२०२४ पासून या शहराचे अधिकृत नाव श्री विजयपुरम) साधारण ३० किलोमीटरवर वंडूर गाव आहे आणि तिथल्या धक्क्यावरून बोटी सुटतात. दोन्ही बाजूंना दाट झाडीची बेटे, काठाला तिवरे आणि मधल्या पट्ट्यातून संथ जाणारी बोट, असा तासाभराचा हा प्रवास आहे. हळूहळू पाण्याचा गडद हिरवा रंग निवळतो, तळाची वाळू दिसू लागते आणि पुढे पांढऱ्या किनाऱ्याची एक बारीक पट्टी उभी राहते.

बेटाला धक्का नाही. मोठी बोट थोड्या अंतरावर थांबते, प्रवासी लहान काचतळाच्या बोटीत उतरतात आणि ती त्यांना किनाऱ्याजवळ नेते. शेवटची काही पावले पाण्यातून टाकावी लागतात. बेटावर हॉटेल नाही, कँटीन नाही, शहाळेवाला नाही. मुक्कामाला परवानगी नाही. मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. जे हवे ते सोबत न्यायचे आणि जे नेले ते सगळे परत आणायचे.

हा कडकपणा कशासाठी, हे त्या पाण्यात डोकावले की कळते. प्रवाळ म्हणजे असंख्य चिमुकल्या प्राण्यांनी बांधलेली चुन्याची वसाहत. या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशातून अन्न तयार करते, आणि प्रवाळाला त्याचे बरेचसे पोषण आणि रंग त्यातूनच मिळतात. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. हे ‘विरंजन’ फार दिवस टिकले तर वसाहत मरते. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानच्या समुद्रात असे विरंजन फार मोठ्या प्रमाणावर झाले होते. भारतात प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे, म्हणजे कायद्याच्या नजरेत तो वाघाच्या रांगेत बसतो.

म्हणूनच पर्यटकांचा भार वाटून दिलेला आहे. साधारण नोव्हेंबर ते मे जॉली बॉय खुले असते आणि उरलेल्या महिन्यांत बोटी शेजारच्या रेड स्किन बेटावर जातात. वनखात्याचा परवाना लागतो, तो ओळखपत्र दाखवून आधी काढावा लागतो. सोमवारी उद्यान बंद असते. आपल्याकडे घारापुरीची लेणीही सोमवारी बंद असतात आणि तरी दर सोमवारी गेटवेवर येऊन हिरमुसणारी कुटुंबे दिसतात. मुंबईत तो दिवस दुसरीकडे लावता येतो. अंदमानात सोमवार चुकला की बहुतेकांची पुढची संधी पुढच्या सहलीतच असते.

फाटकावर काय झाले

वंडूरला बोटीत बसण्याआधी प्रत्येक पिशवी उघडून तपासली जाते. प्लास्टिक पुढे जात नाही. पाण्याच्या बाटल्या, वेफर्स, बिस्किटांचे पुडे, कॅरीबॅग हे सगळे तिथेच ठेवावे लागते. नियम चांगला आहे आणि कर्मचारी तो नेमाने पाळतात. आमच्या गटाला मात्र तो तिथे पोचल्यावर कळला. सहल कंपनीने आदल्या रात्री फक्त निघण्याची वेळ सांगितली होती. बसमध्ये प्रत्येकाच्या हाती नाश्त्याचे खोके दिले होते : दोन ब्रेड, एक केळे, एक प्लास्टिकची पाण्याची बाटली.

गटात कोल्हापूरच्या एक काकू होत्या, साठी उलटलेल्या, मधुमेही. सकाळचे इन्सुलिन त्यांनी घेतले होते. नाश्ता त्यांना रुचला नव्हता, पण पर्समध्ये बिस्किटे आणि ग्लुकोजचा पुडा होता, त्यामुळे चिंता नव्हती. दोन्ही वस्तू प्लास्टिकच्या वेष्टनात होत्या. रांग मोठी होती, मागून घाई होती. काकूंनी दोन्ही काढून काउंटरवर ठेवल्या. ‘दोन तासांत परत येतोय,’ असे टूर मॅनेजरने सांगितले होते.

दोन तासांत परत येणे कधीच शक्य नसते. जाण्याचाच तास, मग लहान बोटीत उतरण्याची रांग, मग काचेतून प्रवाळ बघण्याची पाळी, मग स्नॉर्केलिंगवाल्यांची वाट पाहणे. दुपार चढली तेव्हा काकू झाडाखाली बसून होत्या. त्यांना दरदरून घाम आला होता. सुनेला वाटले, उन्हाने. मग हात थरथरू लागले आणि विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर येऊ लागले. शेजारच्या गटातल्या एक निवृत्त परिचारिका उठून आल्या, त्यांनी काकूंचा हात हातात घेतला आणि विचारले, “शुगर आहे का यांना? गोड काय आहे कुणाकडे?”

साठ-सत्तर माणसांत गोड शोधायला किती वेळ लागावा? बिस्किटे सगळ्यांची वंडूरला राहिली होती. शेवटी जळगावच्या एका कुटुंबाने स्टीलचा डबा उघडला. त्यात गूळ-शेंगदाण्याचे लाडू होते. काकू शुद्धीवर होत्या, गिळता येत होते, म्हणून परिचारिकेने त्यांना आधी गुळाचा भाग चघळायला लावला, मग पाणी, मग पुन्हा लाडू. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांचा चेहरा पूर्ववत झाला. त्यांची शुद्ध हरपली असती तर तोंडात काही घालणेही धोक्याचे होते, आणि डॉक्टर गाठायचा तर आधी लहान बोट, मग मोठी बोट, मग वंडूर आणि मग रस्ता.

पोर्ट ब्लेअरच्या बाजारात किंवा हॉटेलात हीच गोष्ट दोन मिनिटांत मिटली असती. लहान बेटावर अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. मदत किती बोटी पलीकडे आहे, हे बघावे लागते.

परतीपासून मागे मोजा

या दिवसाची आखणी सकाळपासून सुरू केली की हमखास चुकते. ती परतीच्या बोटीपासून सुरू करावी. बोट बेट कधी सोडणार, वंडूरला कधी लागणार, तिथून मुक्कामी कधी पोचणार, हे आधी विचारावे आणि मग मागे मागे येत जेवण, औषधे, निघण्याची वेळ ठरवावी. तसे केले असते तर काकूंचे दुपारचे खाणे वंडूरला नव्हे, बेटावर असतानाच व्हायला हवे, हे कागदावरच दिसले असते.

अंदमानात आणखी एक हिशेब धरावा लागतो. मुंबई साधारण ७३ अंश रेखांशावर आहे, पोर्ट ब्लेअर ९३ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे सूर्य तिथे आपल्या मानाने सुमारे ८० मिनिटे आधी येतो आणि तेवढाच आधी जातो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मुंबईत त्या वेळी चहाची वेळ असते. त्यामुळे ‘संध्याकाळपर्यंत येऊ’ या वाक्याचा अर्थ तिथे वेगळा होतो. सकाळी मात्र सहाच्या आधीच लख्ख उजाडते, तेव्हा पहाटे उठण्याचा त्रास वाटत नाही. बोटी सकाळीच सुटतात आणि परवान्यावरची बोट चुकली तर मागाहून जाता येईलच असे नाही. पोर्ट ब्लेअरहून वंडूरला तासभर लागतो, शिवाय तपासणीची रांग असते. नाश्ता हॉटेलात बसून, पोटभर करून मगच गाडीत बसावे, आणि त्यासाठी हॉटेलला आदल्या रात्रीच सांगून ठेवावे.

हा दिवस सहलीच्या अगदी शेवटी कधीही ठेवू नये. दुसऱ्या दिवशी परतीचे विमान असेल तर दोन अडचणी येतात. समुद्र खवळला आणि बोट रद्द झाली, तर पर्यायी दिवस उरत नाही. आणि हॅवलॉकला किंवा नीलला स्कूबा डायव्हिंग करण्याचा बेत असेल, तर शेवटचा डाइव्ह आणि विमान यांत १८ ते २४ तासांचे अंतर लागते. खोल पाण्यात शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. विमानाच्या केबिनमधल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे झाले तर ते घातक ठरतात. पृष्ठभागावर तरंगून केलेल्या स्नॉर्केलिंगला हा नियम नाही. म्हणून स्कूबा आधी, जॉली बॉय त्यानंतर आणि मग एक मोकळा दिवस, हा क्रम बरा.

वारा आणि भरती

अंदमानात पाऊस वर्षातला मोठा काळ असतो. नैर्ऋत्य मोसमी वारे तिथे मे महिन्यातच पोचतात, आणि ते परतल्यावर ईशान्येकडचा पाऊसही येतो. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा एक हंगाम एप्रिल-मे आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर असा आहे. डिसेंबर म्हणजे आपल्या मनात स्वच्छ आकाशाचा महिना. पण २०१६ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला, पुढे ‘वरदा’ चक्रीवादळ झालेल्या हवामानामुळे हॅवलॉक आणि नील बेटांवर सुमारे १,४०० पर्यटक अडकून पडले. बोटी बंद, वारा प्रचंड, सुटकेला आलेली नौदलाची जहाजेही लगेच पोचू शकली नाहीत. वारे कमी झाल्यावर सगळ्यांना हलवले गेले. ज्यांच्याकडे दोन दिवसांची जास्तीची औषधे आणि हातात रोख पैसे होते, त्यांचे ते दिवस बाकीच्यांपेक्षा सोपे गेले असणार.

हवामान खात्याचे इशारे तर बघावेतच, पण हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था समुद्राच्या स्थितीचाही अंदाज देते. लाटा किती उंच असतील, वारा कोणत्या बाजूने असेल, हे त्यात कळते. निघण्याच्या दोन दिवस आधीपासून तो रोज बघण्याची सवय लावून घ्यावी. आकाश निरभ्र आहे म्हणून समुद्र शांत असेल, असे नसते. दूरवर उठलेल्या वादळाच्या लाटा ऊन पडलेल्या किनाऱ्यावरही येऊन आदळतात.

भरती-ओहोटीचे तसेच. कोकणातल्या जुन्या माणसांना तिथीवरून भरतीची वेळ सांगता येते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते : चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हा हिशेब आपल्या पश्चिम किनाऱ्याचा आहे, तो अंदमानला लावू नये. तिथल्या वेळा वेगळ्या आहेत आणि त्या भरतीच्या तक्त्यात रोजच्या रोज मिळतात. भरती दर दिवशी सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणून मित्राने गेल्या आठवड्यात सांगितलेली वेळ या आठवड्यात उपयोगाची नसते. नील बेटावर लक्ष्मणपूरजवळ खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. तिथपर्यंत ओहोटीलाच चालत जाता येते. भरतीला गेलात तर लांबून बघून परत फिरावे लागते. जॉली बॉयसारख्या ठिकाणी उलटे होते. ओहोटीला प्रवाळ पृष्ठभागाच्या अगदी जवळ येतो, तरंगताना पोट-गुडघे खरचटतात आणि घाबरलेला माणूस नेमका त्याच्यावरच पाय रोवतो. पाणी थोडे चढलेले असताना स्नॉर्केलिंगला उतरणे माणसासाठीही बरे आणि प्रवाळासाठीही.

बोटीत बसताना

२६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ, रॉस आणि नॉर्थ बेच्या परिसरात ‘ॲक्वा मरीन’ नावाची पर्यटक बोट बुडाली आणि २१ जण गेले. बोटीची क्षमता २५ प्रवाशांची होती आणि तिच्यात चाळीसहून जास्त माणसे होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीला, इंजिनाची चाचणी चालू असलेल्या नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. १५ जणांचा जीव गेला. या दोन अपघातांची कारणे निराळी आहेत. पण दोन्ही ठिकाणी माणसे सुट्टीच्या दिवसात, किनारा डोळ्यांसमोर असताना बुडाली, आणि नीलकमलवरच्या अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्यानंतर गेटवेच्या बोटींमध्ये लाइफ जॅकेटची सक्ती झाली.

म्हणून बोटीत पाय ठेवण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. बोटीवर प्रवासी क्षमता लिहिलेली असते. ती वाचावी आणि डोकी मोजावीत. जास्त दिसली तर उतरावे, तिकिटाचे पैसे गेले तरी चालेल. दुसरे म्हणजे लाइफ जॅकेट मांडीवर ठेवण्याची, पाठीमागे उशी म्हणून घेण्याची वस्तू नाही. ते अंगात घालून सगळे बंद आवळावेत. मुलांना मोठ्यांचे जॅकेट देऊ नये, कारण पाण्यात ते वर सरकते आणि मूल खालून निसटते. मुलाच्या मापाचे मागून घ्यावे. खांद्यांना धरून वर ओढून बघितले आणि हनुवटीपर्यंत आले, तर ते सैल आहे. जॅकेट मागणाऱ्या माणसाला भित्रा म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती मोडायला हवी. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते पहिले घातले की बाकीचे निमूट घालतात.

ज्यांना बोट लागते त्यांनी मधल्या किंवा मागच्या भागात, पण डिझेलच्या धुरापासून दूर बसावे. तिथे हेलकावे कमी असतात. नजर मोबाइलवर न ठेवता क्षितिजावर ठेवावी. अव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. तिने झोप येते, त्यामुळे गोळी घेतलेल्याने पाण्यात उतरू नये. आधीच दुसरी औषधे चालू असतील त्यांनी घरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

डब्यात आणि पिशवीत

वंडूरच्या फाटकातून विनासायास जाणारी पिशवी घरूनच भरता येते. कापडी पिशवी, स्टीलची पाण्याची बाटली आणि स्टीलचे डबे. बाटली नसेल तर तिथे अनामत ठेवून पाण्याची सोय होते, पण माणशी किमान दीड-दोन लिटर पाणी आपले स्वतःचे असावे. उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात तहान उशिरा जाणवते.

खाण्यात दशम्या, धपाटे, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, खजूर, चणे-फुटाणे. हे सगळे आपल्या प्रवासात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे, दोन दिवस टिकते आणि त्याला वेष्टन लागत नाही. हॉटेलच्या स्वयंपाकघरात विनंती केली तर पराठे किंवा इडल्या स्टीलच्या डब्यात भरून देतात. मीठ-साखरेचे मिश्रण किंवा ओआरएसची पूड घरूनच छोट्या डबीत काढून न्यावी.

मधुमेहींसाठी एक डबी वेगळी ठेवावी आणि ती त्यांच्याच अंगावरच्या पिशवीत असावी, सुनेच्या किंवा मुलाच्या बॅगेत नको. त्यात साखर किंवा ग्लुकोज आणि गुळाचे खडे असावेत. गोळ्या, इन्सुलिन, दम्याचा पंप यांचे वेष्टन प्लास्टिकचे असतेच. फाटकावर ही औषधे आहेत हे स्पष्ट सांगावे, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी आणि घाईच्या रांगेत काहीही न बोलता काढून देऊ नये. गटातल्या निदान दोन माणसांना आपला आजार ठाऊक असावा. घाम, थरथर, बडबड ही साखर उतरल्याची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात, आणि नेमके काय ते ओळखणारी परिचारिका प्रत्येक वेळी शेजारी बसलेली नसते.

उन्हासाठी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टोपी आणि पाण्यात घालायचा लांब बाह्यांचा टी-शर्ट सगळ्यांत चांगला. सनस्क्रीन लागतेच, पण त्यातली ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही रसायने प्रवाळाला अपायकारक असल्याच्या कारणावरून अमेरिकेतल्या हवाई राज्याने २०२१ पासून अशा सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली. डबीवरची घटकांची यादी वाचून झिंक ऑक्साइडचे निवडावे, आणि अंग झाकून ठेवले की तेही थोडेच लागते. पायांत पाण्यातले बूट किंवा मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल असाव्यात; सुटी चप्पल पहिल्याच लाटेत जाते. शौचालयाला वंडूरलाच जाऊन घ्यावे.

कोणी जावे, कोणी थांबावे

हे सांगताना कुणाला दुखवायचे नाही. पण लहान बोट हलत असताना मोठ्या बोटीतून तिच्यात उतरणे आणि गुडघाभर पाण्यातून वाळूवर येणे, हे ज्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांचा तोल जातो किंवा ज्यांना नुकताच हृदयविकाराचा त्रास झाला आहे, त्यांच्यासाठी योग्य नाही. आमच्या गटातल्या एका आजोबांना उतरताना तिघांनी धरावे लागले, आणि परतताना भरती चढल्यामुळे आणखी कठीण गेले. त्यांनी काचेतून प्रवाळ बघितला, ते खूश होते. पण त्यांच्या मुलाचा पूर्ण दिवस काळजीत गेला. अशा ज्येष्ठांसाठी रॉस, म्हणजे आताचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, जास्त सोयीचे. तिथे धक्का आहे, बांधलेली वाट आहे, हरणे आहेत, इंग्रजांच्या जुन्या इमारतींना वडा-पिंपळांच्या मुळांनी घातलेला विळखा आहे, आणि पोर्ट ब्लेअरपासून ते हाकेच्या अंतरावर आहे. सेल्युलर जेलच्या गच्चीवरून ते समोरच दिसते.

पोहता न येणाऱ्यांनी स्नॉर्केलिंग करूच नये असे नाही. लाइफ जॅकेट, तोंडातली नळी नीट बसली आहे याची किनाऱ्याजवळ खात्री, आणि सोबत प्रशिक्षित गाइड, एवढे असेल तर ते सुखरूप होते. पण नळीतून श्वास घेण्याची सवय पाच मिनिटांत होत नाही. घाबरायला झाले तर पाठीवर उताणे व्हायचे, जॅकेट वर तोलून धरते, हे उतरण्याआधी मुलांना करून दाखवावे.

पाण्यातली वागणूक

हात पाठीशी किंवा छातीशी, पाय सरळ आणि मागे, नजर खाली. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्याच्यावर उभे राहायचे नाही. अनेक जातींचे प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटरच वाढतात. दमलेल्या माणसाने आधाराला टेकवलेला एक पाय कित्येक वर्षांची वाढ मोडतो. माशांना पाव, बिस्किट टाकायचे नाही. शिंपला, मेलेल्या प्रवाळाचा तुकडा, वाळू, यातले काही खिशात घालायचे नाही. पोर्ट ब्लेअर विमानतळावर सामान तपासले जाते, प्रवाळ सापडला तर कारवाई होते, आणि किनाऱ्यावर पडलेल्या शंखात संन्यासी खेकड्याचे घर असते.

आणि वंडूरच्या किनाऱ्यावर पोहू नये. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, तशा सूचनांचे फलक तिथे लावलेले आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकला स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. जिथे जाळी लावली आहे आणि जीवरक्षक सांगतात तिथेच, तेवढ्याच भागात पाण्यात जावे. बोटीची वाट बघत असताना ‘जरा पाय ओले करून येतो’ म्हणून धक्क्याच्या बाजूला, तिवरांच्या दिशेने जाणाऱ्यांना गटातल्या इतरांनी हाक मारून थांबवावे.

बोट रद्द झाली तर

सहल कंपनीशी ठरवताना हे चार प्रश्न लेखी विचारावेत : परवाना कोण काढणार आणि कधी, बेटावर नेमके किती वेळ मिळणार, जेवणाचे काय, आणि हवामानामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत मिळणार की दुसरी तारीख. उत्तर तोंडी आले तर ते संदेशात लिहून त्यांनाच परत पाठवावे आणि ‘बरोबर आहे’ एवढे कळवायला सांगावे. गट मोठा असेल तर त्यातल्या एकाने प्लास्टिकचा नियम सगळ्यांना दोन दिवस आधी सांगावा, म्हणजे डबे-बाटल्यांची खरेदी पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन बाजारात करता येते.

बोट रद्द झालीच, तर बोटवाल्याशी हुज्जत घालून दुसरी कुठली खासगी होडी शोधू नये. तो दिवस शहरात चांगला जातो. सेल्युलर जेल पहिल्या दिवशी घाईत झालेले असते. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधलेल्या त्या तुरुंगाच्या सात बाजूंपैकी तीन आज उभ्या आहेत, आणि हुतात्म्यांच्या नावांच्या पाट्या वाचायला, वरच्या मजल्यावरच्या सावरकरांच्या कोठडीपाशी शांतपणे थांबायला गर्दी नसलेली सकाळ लागते. नौदलाचे समुद्रिका संग्रहालय आहे, तिथे प्रवाळ आणि शंख-शिंपल्यांचा संग्रह आहे. ज्या मुलांचे बेट हुकले त्यांना निदान काय हुकले ते तिथे कळते. मानववंशशास्त्र संग्रहालयात अंदमानी, ओंगे, जारवा, निकोबारी अशा इथल्या मूळ लोकांविषयी नीट माहिती मिळते. दुपारी चिडिया टापूला जावे. पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला साधारण २५ किलोमीटरवर हा किनारा सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे. सूर्य डिसेंबरात पाचला मावळतो, म्हणून हॉटेलातून साडेतीनला निघावे.